सतरा फोनांतलं वासरू

"पाच जणांनी फॉर्म भरलाय आणि मामांना एकाचाही पत्ता नाही. असं कसं?"

तनुजा हे स्वतःशीच म्हणाली होती. पण कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एसीच्या घरघरीपलीकडे दुसरा आवाज नसतो, त्यामुळे स्वतःशी बोललेलंही चार टेबलांपर्यंत जातं. शेजारच्या मंदारनं मान वळवली.

"सोपं आहे. पाचही तूच भरले असशील."

"मी चाचणीचे दोन भरले होते. ते वगळून पाच."

"मग भुतांनी भरले. तुमच्या दौलताबादची भुतं आता ऑनलाइन आलीत. इतकी वर्षं किल्ल्यात बसून बोअर झाली असतील बिचारी."

तनुजा हसली नाही. तिला राग आला होता असंही नाही. एखादा आकडा जुळला नाही की तिला दुसरं काही दिसेनासं व्हायचं. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करताना ही खोड लागली होती. पुढे एम.एस्सी. करायचं सोडून ती संभाजीनगरातल्या या कॉलेजात वेब डिझाइन आणि मल्टिमीडियाच्या वर्षभराच्या कोर्सला आली, त्याचं कारणही तसलंच. कुणीतरी तिला एकदा वेबसाइटच्या पानावर उजवं बटण दाबून त्यामागची मांडणी दाखवली होती. सुंदर चित्रामागे ओळीच्या ओळी, कंसच कंस. भरतकामाची उलटी बाजू बघावी तसं. तेव्हापासून तिला कुठलंही पान सरळ बघवेना.

कोर्स चांगला चालला होता. रंग, अक्षरं, फोटो, आवाज, व्हिडिओ, सगळं एकेक करून झालं. आता शेवटचा प्रकल्प होता, आणि त्याला मनस्विनी मॅडमचा एक नियम होता. प्रत्येकानं एका खऱ्या माणसाच्या खऱ्या धंद्याची साइट बनवायची. परीक्षेच्या दिवशी मॅडम त्या साइटवरून आलेल्या एका अनोळखी माणसाला सगळ्यांसमोर फोन लावणार. त्याला हवं ते मिळालं असेल तर पास. नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा.

"ज्याची साइट आहे तो खूश आहे का, हे मी विचारणार नाही," मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "तो तुमचा मामा असतो नाहीतर काका. तो खूशच असतो."

तनुजाचा मामाच होता. रामकिसनमामा, पिशोरचे. अद्रक पिकवायचे आणि फेब्रुवारी ते एप्रिल अद्रकाचं बेणं, म्हणजे लावणीसाठी राखलेले गड्डे, विकायचे. तिनं जानेवारीत त्यांची साइट बनवली. वर हिरव्यागार शेताचा व्हिडिओ, पडद्याला बोट लागताच वाजणारी बासरी, खाली नाव, गाव, मोबाइल नंबर आणि किती बेणं हवं ते भरायचा फॉर्म. फॉर्म भरला की त्याचं पत्र मामांच्या ईमेलवर जायचं. फॉर्मची सेवा फुकटातली होती. ती तनुजाला फक्त किती जणांनी भरला तो आकडा दाखवायची, आत काय लिहिलंय ते नाही.

आकडा होता पाच. मामा म्हणत होते, एक नाही. आणि परीक्षेला अठरा दिवस उरले होते.

नापास होण्याची भीती होतीच. पण तिला खरं हवं होतं ते वेगळं. कॉलेजात एक ध्वनिमुद्रणाची खोली होती, भिंतींना करडा स्पंज लावलेली. दार लावलं की आपलंच रक्त कानात वाहताना ऐकू यायचं. पास झालेल्यांपैकी एकाला जूनपासून त्या खोलीत मॅडमची मदतनीस म्हणून काम मिळणार होतं. तनुजानं ती खोली मनातल्या मनात कधीच आपल्या नावावर केली होती.

रविवारी ती कन्नडच्या एसटीत बसली आणि तिथून जीपनं पिशोरला गेली.

मामा शेडमध्ये बेण्याच्या ढिगावरचं गोणपाट सारखं करत होते.

"आली का कंपनी," मामा म्हणाले. "बस. चहा घे. तुझी साइट लई भारी झाली, समदे म्हनतेत. बासरी तर एक नंबर."

"समदे म्हणजे कोण?"

"म्हंजी मी, तुझी मामी आन् जावाई."

"मामा, फोन द्या. मेल बघायचीय."

"मेल म्हंजी?"

तनुजा खाटेवर बसली. जानेवारीत तिनं फोनवर ईमेल विचारला तेव्हा मामांनी मोबाइलच्या खोक्यावर चिकटवलेली चिठ्ठी वाचून दाखवली होती. तिनं ती उतरवून घेतली आणि दोनदा ताडून पाहिली. एकेक अक्षर बरोबर होतं. या पत्त्यावर आलेलं पत्र तुम्ही कधी उघडता का, एवढंच विचारायचं राहून गेलं होतं.

फोनच्या शेवटच्या पानावर, मामांनी कधी बोट न लावलेल्या कोपऱ्यात मेलचं चित्र होतं. तिनं ते दाबलं. तिच्या चाचणीची दोन सोडून पाच पत्रं ओळीनं हजर होती. नाव, गाव, नंबर, सगळं. तिला इतकं बरं वाटलं की चहाचा कप ओठाला लावला, आणि तसाच खाली ठेवला.

न वाचलेलं पत्र ठळक अक्षरांत दिसतं, वाचलेलं फिकट. ही पाचही फिकट होती.

"मामा, ही पत्रं कुणी वाचली?"

"म्या नाय."

"मामी?"

"मला माझा चष्मा घावंना," मामी आतून ओरडल्या, "पत्रं कुठली वाचू माय!"

"मग कुणीतरी वाचलीत. उघडल्याशिवाय अक्षर फिकं होत नाही."

मामांनी फोन उलटासुलटा करून पाहिला, जणू वाचणारा मागच्या बाजूला चिकटलेला असावा. तनुजानं फोन परत घेतला आणि फोटोंचं दालन उघडलं. शोधायचंच तर सगळीकडे शोधावं. मामांचे फोटो होते, मामींचे होते, बेण्याचे होते. मध्येच कुणाच्या तरी बारशाचे होते. एक अनोळखी विहीर होती. आणि एक वासरू होतं, तांबडं, कपाळावर पांढरा ठिपका. त्याचेच वीसेक फोटो होते.

"हे वासरू कुणाचं?"

"ते व्हय?" मामांचा चेहरा उजळला. "ते फोनसंगंच आलंय."

"फोनसंगं?"

"कंपनीनं घातलेलं हाय. फोन घेतला तवा लई बारकं होतं. आता बघ, शिंगं फुटलीत त्याला. मी रोज जेवल्यावर बघतो."

"मामा, कंपनीनं घातलेलं वासरू मोठं होतं का?"

मामांनी थोडा विचार केला. "आता नव्या टेक्नॉलॉजीत काय काय व्हईल, सांगता येतं व्हय?"

तनुजाच्या अंगावर बारीकसा काटा आला. प्रयोगशाळेत परीक्षानळीत भलताच रंग उमटला की यायचा तसा. तिनं पहिल्या पत्रातला नंबर लावला. शिवराज, भोकरदन.

पलीकडे वाऱ्याचा घोंघाट होता. "हां, बोला!"

"मी पिशोरहून बोलतेय. तुम्ही अद्रकाच्या बेण्यासाठी साइटवर फॉर्म भरला होता..."

"भरला होता की. मिळालं ना बेणं! दहा दिवस झाले. बाईंनी दिलं. एक नंबर माल."

"कुठल्या बाईंनी?"

"नाव नाही विचारलं. त्यांचाच फोन आला, मी पिकअप धाडली, माल आला. ताई, मी गाडीवर आहे, घरी गेलो की त्यांचा नंबर पाठवतो."

फोन बंद झाला. मामा तिच्याकडे बघत होते.

"बाई?" मामा म्हणाले. "आपल्यात कोन बाई बेनं इकती?"

"मामा, हा फोन कुठून घेतला होता?"

सोमनाथचं मोबाइलचं दुकान पिशोरच्या मुख्य रस्त्यावर होतं. पंचविशी ओलांडलेला, बोलका माणूस. दुकानात मंत्र्याच्या दालनात असावी तशी फिरती खुर्ची होती. तनुजानं चिठ्ठीवरचा ईमेल दाखवला.

"हा तर आपलाच," सोमनाथ म्हणाला.

"आपला म्हणजे?"

"ताई, नवा फोन चालू करायला ईमेल लागतो. गिऱ्हाइकाला विचारलं तर ते म्हनतं, ते काय असतं? मग मी आपला एकच काढून ठेवला आन् समद्यांना तोच घालून दिला. कुनाला काही अडत नाय. पासवर्ड माझ्या डायरीत सेफ."

"किती जणांना दिला?"

सोमनाथनं डायरी काढली आणि बोट फिरवत मोजलं. "सतरा."

"सतरा फोनांना एकच पत्ता? म्हणजे एकाचे फोटो सतरा जणांना दिसतात!"

"समद्यांना नाय हो. ज्याच्या फोनात फोटोचं ते बटन चालू राहिलं त्यालाच. आन् जागा भरली की मीच आत जाऊन जुने फोटो उडवतो. सेवा हाय आपली. त्याचे पैसे घेत नाय."

तनुजाला हसावं की रागवावं कळेना. पण डोक्यात एकेक दुवा जुळत गेला. पत्र आलं की सतरा फोनांवर टिंग व्हायचं. सतरातल्या सोळांना ते काय आहे हेच माहीत नव्हतं. एकजण मात्र ते उघडायचा, वाचायचा आणि फोन करायचा. एकानं उघडलं की सगळीकडे ते फिकं.

तेवढ्यात तिच्या फोनवर शिवराजचा निरोप आला. एक नंबर, आणि त्याखाली एक छोटा व्हिडिओ. 'बाईंनी हा पाठवला होता. हा बघूनच घेतलं.'

सोमनाथनं नंबर दुकानातल्या फोनवर टाकला. नाव उमटलं.

"ही तर वच्छलाबाई," तो म्हणाला, आणि एकदम त्याचा आवाज खाली आला. "ओ हो हो... ताई, मागच्या साली ती म्हनली होती, सोमनाथ, बेनं इकायचं हाय, फोनवर काही करता येतं का? मी म्हनलं, टाकतो इंटरनेटवर. आन् इसरलो."

तनुजानं दुकानाच्या पायरीवर बसून तो व्हिडिओ पाहिला. नऊ सेकंदांचा होता. कडुनिंबाच्या सावलीत हिरव्या बांगड्यांचा एक हात, हातात मातकट गड्डा. मागे कुठंतरी कोंबडी. हातानं गड्डा फोनच्या अगदी जवळ आणला, दोन बोटांत धरून मोडला. कट्. मग मोडलेली बाजू उजेडात धरली; पिवळी, कोरडी, तंतू दिसणारी. बाईचा आवाज आला, "ऐकलं का? पुन्यांदा मोडू?" आणि पुन्हा कट्.

तिनं तो चार वेळा पाहिला. शेताच्या व्हिडिओवर तिचे सहा दिवस गेले होते. रंग सुधारले होते, ढग हलवले होते, बासरी शोधली होती. बेणं मात्र त्यात कुठंच नव्हतं.

वच्छलाबाईंचं घर दोनच गल्ल्या पलीकडे निघालं. मामाही बरोबर आले. वाटेत त्यांचा पारा चढत गेला होता. "माझ्या साइटीवरची गिऱ्हाइकं परस्पर! गावातली बाई म्हनून गप बसायचं व्हय?"

पन्नाशीच्या, उंच, हातातलं काम न सोडणाऱ्या वच्छलाबाई अंगणात लसूण निवडत होत्या. मागे गोठ्यात तांबडी कालवड बांधली होती. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. तनुजानं तो पाहिला आणि ओठ मिटून घेतले. ही वेळ नव्हती.

"वच्छलाबाई, हे काय बरं नाय केलं तुमी," मामा उभ्याउभ्याच म्हणाले.

"काय केलं म्या?"

"माझ्या पोरीनं साइट काढली. गिऱ्हाईक मला इचारतंय, बेनं हाय का, आन् तुमी इकून मोकळ्या!"

वच्छलाबाईंनी लसणाची पाकळी सुपात टाकली. "रामकिसनभाऊ, माझ्या फोनवर टिंग वाजतं. मी उघडून बघते. कुनी माणूस इचारतोय, बेनं हाय का. माझ्या घरात बेनं हाय. मंग नाय म्हनू का? त्यात कुठं तुमचं नाव लिवलंय, दाखवा."

मामांनी तनुजाकडे पाहिलं. तनुजानं पत्र पुन्हा उघडलं. खरंच नव्हतं. ते पत्र मामांनाच जाणार हे तिनं गृहीत धरलं होतं. मग त्यात मामांचं नाव कशाला?

"सोमनाथ म्हनला होता, इंटरनेटवर टाकतो. मला वाटलं, टाकलं पोरानं. देव भलं करो त्याचं," वच्छलाबाई म्हणाल्या. "तिघांना दिलं. मंग माझं संपलं. चौथा भला माणूस होता, लांबून आलता. त्याला म्हनलं, रामकिसनभाऊकडं जा, त्याचं बेनं चांगलं असतं. पाचव्यालाबी तसंच सांगितलं, पन तो गेला का नाय म्हाईत नाय."

मामांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"पांढऱ्या गाडीवाला? सोयगावचा?"

"व्हय."

"तो आलता," मामा हळूच म्हणाले. "वच्छलाबाईनं धाडलं म्हनला. मला वाटलं, हिला कशाला एवढा पुळका."

"बसा आता," वच्छलाबाई म्हणाल्या. "उभ्यानं भांडलं की पाय दुखत्यात. माय, तू शिकती का हे? मंग एक सांग. लोकं मला पयलं इचारतेत, ती बासरी कशी बंद करायची. मला काय म्हाईत कसली बासरी?"

सोमवारी लॅबमध्ये तनुजानं मंदारला सगळं सांगितलं. कंपनीच्या वासरापाशी तो टेबलावर डोकं ठेवून हसला. मग सरळ बसला.

"पण बघ, तू सुटलीस. मॅडम शिवराजला विचारणार, मिळालं का? तो म्हणणार, मिळालं. बस, पास. बाकीचं तोंडातून काढायचंच कशाला, यार?"

"मामांची साइट होती. मिळालं वच्छलाबाईंकडून."

"मॅडमनी हे विचारलंय का? नाही ना."

तनुजाला बी.एस्सी.तली एक गोष्ट आठवली. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात एकदा तिचं उत्तर तंतोतंत आलं होतं. शेरा मिळाला, उत्तम. घरी जाताना तिच्या लक्षात आलं की तिनं बाटलीच दुसरी उचलली होती. ती दुसऱ्या दिवशी जाऊन सांगून आली. मार्क कमी झाले, पण तिला रात्री झोप लागली होती. माणसाला स्वतःची सवय मोडता येत नाही, हे तिला माहीत होतं.

उरलेल्या दिवसांत तिनं साइट मोडून पुन्हा बांधली. बासरी काढली. ढग काढले. फॉर्म काढला आणि त्याजागी दोन ठसठशीत हिरवी बटणं ठेवली. एक दाबलं की थेट मामांना फोन, दुसरं दाबलं की वच्छलाबाईंना. मामांनी आधी तोंड वाकडं केलं, मग म्हणाले, "ठेव. माझं सपलं तर तिच्याकडं, तिचं सपलं तर माझ्याकडं."

वरच्या व्हिडिओच्या जागी तिला गड्डा मोडतानाचा व्हिडिओ हवा होता. पण कोंबडीसकट नऊ सेकंद परीक्षेला कसे दाखवायचे? तिनं औरंगपुऱ्याच्या भाजी मंडईतून पाव किलो अद्रक आणलं, मॅडमची परवानगी घेऊन स्पंजाच्या खोलीत गेली आणि चांगल्या माइकसमोर एकेक गड्डा मोडला. आवाज असा स्वच्छ आला की तिनं डोळे मिटून ऐकला. तो तिनं वच्छलाबाईंना पाठवला.

दोन मिनिटांत त्यांचा बोललेला निरोप आला.

"माय, ही भाजीची अद्रक हाय. धुतलेली. पानी प्यालीय ती, तिचा आवाज मऊ येतो. बेनं कुनी धुतं व्हय? ह्यो आवाज टाकू नको, लोकं म्हनतील फसवलं."

तनुजानं दोन्ही आवाज कानाला लावून आलटून पालटून ऐकले. पहिल्यांदा फरक कळला नाही. दहाव्यांदा कळला. एकदा कळल्यावर तो इतका ठळक होता की इतका वेळ कसा ऐकू आला नाही याचंच तिला नवल वाटलं. कोंबडीवाला व्हिडिओ जसाच्या तसा साइटवर चढला. शेवटी वच्छलाबाईंचं "पुन्यांदा मोडू?" सुद्धा राहू दिलं.

परीक्षेच्या दिवशी मनस्विनी मॅडमनी तिच्या यादीतला पहिला नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. सगळा वर्ग खुर्च्या ओढून जवळ आला.

"शिवराजजी, तुम्हाला पिशोरच्या साइटवरून हवं ते मिळालं का?"

"मिळालं ना. लावणीची तयारी चालू आहे."

मॅडमनी वहीत खूण केली. मंदारनं तनुजाला अंगठा दाखवला. इथंच थांबता आलं असतं.

"साइट वापरताना काही अडलं?" मॅडमनी विचारलं.

"खरं सांगू का, मॅडम? साइट मी नीट बघितलीच नाही. बासरी वाजायला लागली, पोरगी झोपली होती, मी घाबरून दिसेल ते दाबत सुटलो. फॉर्म आला, तो भरून टाकला."

वर्ग खो खो हसला. तनुजाचे कान लाल झाले.

"मग विश्वास कशावर बसला?"

"बाईंनी मोडून दाखवलं ना."

फोन बंद झाल्यावर मॅडमनी तनुजाकडे पाहिलं. "ही साइट रामकिसन यांची ना? या बाई कोण?"

तनुजा उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. खोक्यावरची चिठ्ठी, सतरा फोन, फिकट झालेली पत्रं, पाकळी सुपात टाकणाऱ्या वच्छलाबाई. फळ्यावर तिनं पत्राची वाट काढली: भोकरदनपासून सतरा टिंबांपर्यंत, आणि त्यातलं एकच भरलेलं. मंदारनं कपाळावर हात मारून घेतला. तिला ते दिसलं, पण खडू थांबला नाही.

"म्हणजे तुझ्या साइटनं नेमकं काय केलं?" मॅडम म्हणाल्या.

"दोघांची गाठ घालून दिली, मॅडम. तीही चुकून. बाकी मी जे जे केलं होतं ते मध्ये आडवं आलं."

मॅडम थोडा वेळ फळ्यावरची टिंबं बघत राहिल्या. मग त्यांनी नवी साइट स्वतःच्या फोनवर उघडली. कट्. कोंबडी. पुन्हा कट्. त्यांनी फोन कानाजवळ नेला आणि व्हिडिओ परत लावला.

"हे आपल्या खोलीत मुद्रित का नाही केलंस?"

"केलं होतं. वच्छलाबाईंनी नापास केलं."

मग तिला धुतलेल्या अद्रकाचीही गोष्ट सांगावी लागली. मॅडमनी दोन्ही आवाज मागून घेतले, डोळे मिटून तीन वेळा ऐकले आणि मान हलवली. "मला नाही कळत फरक."

"दहाव्यांदा कळतो," तनुजा म्हणाली.

"नियम माझा आहे," मॅडम वही ओढत म्हणाल्या. "अनोळखी माणसाला हवं ते मिळालं का? मिळालं. कुणाकडून, हे मी विचारलं नव्हतं. पुढच्या वर्षीपासून विचारीन." त्यांनी काहीतरी लिहिलं आणि ड्रॉवरमधून एक किल्ली काढून टेबलावर ठेवली. "खोली जूनपासून. पण पहिल्या आठवड्यात न धुतलेलं बेणं घेऊन ये. दहाव्यांदा काय कळतं ते मलाही ऐकायचंय."

त्या रविवारी तनुजा पुन्हा पिशोरला गेली. सोमनाथच्या फिरत्या खुर्चीवर बसून तिनं दिवसभरात सतराच्या सतरा जणांना स्वतःचा स्वतःचा पत्ता काढून दिला, ज्याचे फोटो त्याच्या हवाली केले आणि सोमनाथची डायरी त्याच्यासमोर फाडली. सोमनाथ म्हणाला, "सेवा संपली आपली." संध्याकाळच्या गाडीनं ती निघाली. जीप कन्नडच्या अलीकडे असतानाच मामांचा फोन आला.

"तनू." आवाज पडलेला होता. "वासरू गेलं गं."

"कुठलं वासरू?"

"कंपनीचं. जेवन झालं, म्हनलं बघावं. फोनात नायच. तू काय केलं का त्याला?"

तनुजानं जीपच्या खिडकीबाहेर तोंड केलं, शेजारच्या बाईला हसू दिसू नये म्हणून.

"मामा, ते कंपनीचं नव्हतं. वच्छलाबाईंचं आहे. त्यांच्या गोठ्यात बांधलंय. आपण भांडायला गेलो होतो तेव्हा तुमच्या पाठीमागंच होतं."

पलीकडे खाट करकरली, आणि चपला शोधल्याचा आवाज आला.

"ते खरं हाय व्हय?" मामा म्हणाले. "थांब, मंग बघूनच येतो."